निलंग्याच्या भिंतीवर निलंग्याची माणसं

प्रति,
मा. नगराध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
निलंगा नगरपरिषद, निलंगा, जि. लातूर



२०१९च्या शिवजयंतीला मंगेश निपाणीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या निलंग्याच्या शिवारात सहा एकरांवर छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र उगवून दाखवलं. बी पेरलं, पाणी दिलं आणि हिरव्या रोपांतून महाराजांचा चेहरा वर आला. बांधावर उभं राहून तो पुरता दिसत नव्हता. ड्रोनमधून काढलेली दृश्यं आल्यावर सगळ्या महाराष्ट्रानं तो पाहिला. निलंगा म्हटलं की परगावच्या माणसाला निलंगा राईस आठवतो. त्या आठवड्यात मात्र आपलं गाव एका चित्रामुळे ओळखलं गेलं, आणि ते चित्र व्यक्तिचित्र होतं.

त्याच चित्राचा हवाला देऊन मी आपल्याकडे एक मागणी करतो आहे. निलंग्यात दरवर्षी व्यक्तिचित्रांचं आणि मनुष्याकृतीप्रधान चित्रांचं एक समूह प्रदर्शन भरावं आणि ते नगरपरिषदेनं भरवावं. चित्रकार मराठवाड्यातले असावेत: लातूर, नांदेड, धाराशिव, बीड, परभणी, संभाजीनगर, जिथून येतील तिथून. पण समोर बसणारी माणसं निलंगा तालुक्यातली असावीत. नावागावाची, कुठल्याही पदावर नसलेली आणि हयात. हा शेवटचा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे.

आपल्या गावात मोठे चेहरे कुणाचे दिसतात ते बघा. देवांचे दिसतात, महापुरुषांचे दिसतात. पुढाऱ्यांचे आणि वाढदिवस असलेल्यांचे फ्लेक्सवर दिसतात. आणि दिसतात ते वारलेल्यांचे. साध्या माणसाचा चेहरा घराच्या भिंतीवर मोठा होतो तो त्याचं तेरावं जवळ आल्यावर. घरचे लोक फोटो शोधायला लागतात. सापडतो तो आधार कार्डावरचा, नाहीतर रेशनच्या कागदाला लावलेला. स्टुडिओवाला तो मोठा करतो, मागं निळं आकाश टाकतो, आयुष्यात कधी कोट न घातलेल्या माणसाला कोट चढवतो. बाईचा एकटीचा फोटो पुष्कळदा नसतोच. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला कापून काढतात. असा एक फोटो मी पाहिला आहे. त्यातल्या आजीच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाची तरी चार बोटं तशीच राहून गेली होती. घरातल्या कुणालाच ती बोटं कुणाची हे सांगता आलं नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आपल्या भागातली हजारो माणसं गेली आणि कित्येक घरांतले फोटोही त्याच ढिगाऱ्याखाली गेले. जिवंतपणी माणसाकडे नीट बघून ठेवावं, ही गोष्ट आपल्या भागाला दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

मी या तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी आता चांगला पोर्ट्रेट करतो. त्याचं प्रात्यक्षिक आम्ही शाळेत ठेवलं होतं. समोर कुणी बसायचं, असा प्रश्न आला तेव्हा मुलांनीच सुचवलं आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना आम्ही विनंती केली. "माझं कशाला काढलालाव, सर? एखाद्या चांगल्या माणसाला बसवा की," असं म्हणत त्या बसल्या. खुर्चीचे पाय आणि त्यांच्या चपला जिथं होत्या तिथं चित्रकारानं खडूनं खुणा केल्या, म्हणजे विश्रांतीनंतर पुन्हा तीच बैठक मिळते. वीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं मोकळं व्हायचं. पहिल्या बैठकीत मावशी फोटोला बसतात तशा बसल्या होत्या: पदर सारखा सावरत, ओठ घट्ट मिटून, नजर समोर रोखून. चित्रकारानं चारकोलनं डोक्याचा कल पकडला, डोळे बारीक करून छाया-प्रकाशाचे मोठे भाग लावून घेतले आणि तोंडाची जागा नुसती पुसट ठेवली. मला वाटलं, तोंड जमत नसेल. तिसऱ्या बैठकीत त्याचं कारण कळलं. तोवर मावशींना आपल्याकडे कुणी बघतंय याचा विसर पडला होता. जबडा सैल झाला, एक खांदा उतरला, उजव्या हाताचा अंगठा डाव्या मनगटावरच्या चटक्याच्या जुन्या डागावरून फिरायला लागला. तेव्हा त्यानं तोंड काढलं.

चित्र पुरं झालं आणि मावशी उठून समोर आल्या. चेहरा चांगला आलाय, डोळे जिवंत वाटतात, असं आम्ही सगळे म्हणत होतो. त्या मात्र कान बघत होत्या. जड फुलांनी भोक ओघळून लांबट झालेली ती कानाची पाळी चित्रकारानं दोन फटकाऱ्यांत घेतली होती. "ह्यो कान माज्या मायचा हाय," त्या म्हणाल्या. मग पुन्हा खाली बसल्या आणि आईबद्दल बोलायला लागल्या. शाळेतली कित्येक पोरं रोज त्यांच्या हातचं खातात, पण त्यांना आई होती आणि तिचा कान असा होता, हे कुणाला माहीत नव्हतं. मोबाईलमध्ये त्यांचे फोटो आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत. पण त्यांच्याकडे कुणी दोन तास एकटक बघितलं असं पहिल्यांदाच घडलं होतं, आणि ते बघत पुढं पन्नास पोरं तोंडातून शब्द न काढता बसली होती.

रंगाबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त अन्याय तिथं होतो. आपली माणसं उन्हात राबणारी, सावळी आणि काळी. फ्लेक्सवर येतात ती गोरी होऊन. लग्नाच्या अल्बममध्येही तेच. काळ्या कातडीकडे बघायचं कसं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. ती उजळायची कशी तेवढं शिकवलं. समोर माणूस बसवून रंगवायला बसलं की हे टिकत नाही. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन हे तीन रंग पॅलेटवर घेतले की कळायला लागतं, काळ्या कपाळावर आकाशाचा निळा उतरतो, गालाच्या हाडाखाली तांबूस जांभळा असतो, मानेच्या वळीत हिरवट छाया बसते आणि उजेड पडतो तो गोऱ्या कातडीपेक्षा जास्त चमकून. हे मी काही नवं सांगत नाही. आपल्याच मराठवाड्यात अजिंठ्याच्या चित्रकारांनी दीड हजार वर्षांपूर्वी हे करून ठेवलं आहे. पहिल्या लेण्यात पद्मपाणीजवळच काळी राजकन्या म्हणून ओळखली जाणारी स्त्री आहे. तिचा वर्ण लपवलेला नाही, उजळलेला नाही. त्याच वर्णात तिचं सौंदर्य घडवलं आहे. हा वारसा आपला आहे, आणि आपण मुलांना शिकवतो काय, तर रंगपेटीतला 'स्किन कलर' नावाचा फिकट गुलाबी खडू.

दगडातला वारसा तर आणखी जवळ आहे. आपल्या गावातलं नीळकंठेश्वर मंदिर, त्याच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी. औशाकडे खरोशाची लेणी. नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यात होट्टलची मंदिरं. सगळीकडे माणसाचंच शरीर आहे: वळलेलं, थांबलेलं, नाचणारं. बाहेरचे अभ्यासक ते बघायला येतात. आपण प्रदक्षिणा घालतो आणि घरी येतो. त्या कारागिरांसमोर कुणीतरी उभं राहिलं असणार, वजन एका पायावर टाकून. कुठल्यातरी खऱ्या बाईच्या कमरेचा तो बाक बघितल्याशिवाय दगडात येत नाही.

महाराष्ट्रातल्या व्यक्तिचित्रणाचा इतिहास चाळला तर एक गोष्ट सारखी समोर येते. राजेमहाराजे, गव्हर्नर आणि शेठ यांची चित्रं पुष्कळांनी केली, त्यावर पोटं भरली. पण जी चित्रं लोकांच्या मनात राहिली ती घरच्या माणसांची. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या मुलीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेक जण ते राजा रविवर्म्याचं समजून बघतात. समोर उभी होती ती हळदणकरांची स्वतःची मुलगी गीता. पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणून नावाजलेले गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांनी आपल्या पत्नीला बसवून रंगवलं. त्यांची चित्रं आज पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे बघायला मिळतात. आणि वासुदेव कामत यांना २००६ साली पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचा ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळाला तो 'माय वाइफ' या चित्राला. जगातल्या चित्रकारांच्या स्पर्धेत पहिलं आलं ते मुंबईतल्या एका घरातल्या बाईचं चित्र. मग निलंग्यातल्या घरांतली माणसं चित्राला कमी का पडावीत?

याच कामतांच्या पुढाकारानं उभा राहिलेला पोर्ट्रेट आर्टिस्ट ग्रुप मुंबईत 'द पोर्ट्रेट शो' हे समूह प्रदर्शन भरवतो. आमची मुलं मोबाईलवर त्याची प्रात्यक्षिकं बघतात आणि वहीत नक्कल करतात. पण मुंबई आपल्यापासून पाचशे किलोमीटरांवर. शासकीय चित्रकला महाविद्यालयं मुंबईत, नागपुरात आणि संभाजीनगरला. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदललं, रस्ते झाले, लातूर पॅटर्न झाला. चित्रांच्या प्रदर्शनांचा रस्ता मात्र आपल्याकडे फारसा वळला नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना पोरं बसतात, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. गुण मिळाले की बोर्ड आणि ब्रश माळ्यावर. त्यांना मी दोष देत नाही. आयुष्यात एकदाही खरं कॅनव्हासवरचं तैलचित्र हातभर अंतरावरून न बघितलेल्या मुलानं कशाच्या जोरावर पुढं जावं? छापील चित्रात रंगाचा थर दिसत नाही, ब्रशचा वेग दिसत नाही, चित्राचं खरं माप कळत नाही. पुस्तक वाचून पोहता येत नाही तसंच हे आहे.

चित्रं लहान गावांकडे नेता येतात याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. सुधीर पटवर्धन हे ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता चित्रं काढत राहिले. 'इराणी रेस्टॉरंट', 'लोअर परळ' यांसारख्या त्यांच्या चित्रांत हॉटेलात बसलेली, रस्त्यावरून चाललेली, कामावरून परतणारी माणसं आहेत. कुणी त्यांना कधी पोर्ट्रेटसाठी बसा म्हटलं नसतं. याच पटवर्धनांनी २००८च्या सुमारास 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय चित्रांचं प्रदर्शन रचलं आणि ते महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत फिरवलं. ते तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलं नाही. तेवढी पुढची पायरी आता आपण घालू या. तिकडे ऑस्ट्रेलियात आर्चिबाल्ड पारितोषिकाचं व्यक्तिचित्र प्रदर्शन १९२१ पासून होतं. सिडनीत ते संपलं की निवडलेली चित्रं लहान लहान गावांच्या गॅलऱ्यांत फिरतात. त्या स्पर्धेचा एक नियम मला फार आवडतो: चित्रकारानं त्या माणसाला निदान एकदा तरी प्रत्यक्ष समोर बसवलेलं असलं पाहिजे. हा नियम आपण जसाच्या तसा घ्यावा. फोटोवरून केलेलं चित्र इथं नको. फोटोवरून मोठे केलेले चेहरे आपल्याकडे उदंड आहेत.

एका गटाला विसरू नये, ही माझी आग्रहाची विनंती. फ्लेक्स येण्याआधी प्रत्येक गावात दोन-चार पेंटर होते. दुकानाच्या पाट्या, सिनेमाचे बोर्ड, पुढाऱ्यांच्या सभेचे कापडी फलक त्यांच्या हातचे. पोस्टकार्डाएवढ्या फोटोवर पेन्सिलीनं चौकोन आखून ते दहा फुटी चेहरा उभा करायचे, शिडीवर उभं राहून, चार दिवसांत. फ्लेक्सचं मशीन आलं आणि ही मंडळी नंबर प्लेटवर आणि शाळांच्या बोलक्या भिंतींवर आली. त्यांतल्या कित्येकांचा हात आजही असा आहे की पदवी घेतलेल्यांनी शिकावा. त्यांना या प्रदर्शनात सन्मानानं बोलवा. त्यांच्याकडून पाटी रंगवून घेण्यासाठी बोलवू नका, चित्रकार म्हणून बोलवा. तसंच, व्यक्तिचित्र म्हणजे हुबेहूब साम्य एवढंच धरून चालू नये. कुणी नुसते हात रंगवील, कुणी पाठमोरी बाई, कुणी एकाच माणसाची बारा लहान रेखाटनं लावील, कुणी गोधडीवर टाके घालून चेहरा आणील. आजची चित्रकला अशी चालते, आणि आपल्याकडच्या प्रेक्षकाला ती झेपणार नाही असं मानणं हा त्याचा अपमान आहे.

आता नगरपरिषदेनं काय करायचं ते सांगतो. मला आर्ट गॅलरीची इमारत नको आहे. एक सभागृह दहा दिवस हवं, त्यात आठवडी बाजाराचा दिवस आलाच पाहिजे, म्हणजे खेड्यातून आलेला माणूस पिशवी घेऊन आत येऊ शकेल. संध्याकाळी नऊपर्यंत ते उघडं असावं, कारण बायांना कामं उरकल्यावरच यायला जमतं. भिंतीला पांढरा चुना आणि वरून एक लोखंडी पट्टी, चित्रं अडकवायला. खिळे ठोकून भिंत खराब होण्याची भीती मग राहत नाही. ट्यूबलाईट तैलरंगावर चमकते आणि चित्र दिसेनासं होतं. म्हणून कडेनं उजेड टाकणारे साधे दिवे हवेत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, माणसाच्या डोळ्यासमोर. चित्राखाली जी चिठ्ठी लागेल तिच्यावर बसणाऱ्याचं नाव आणि गाव चित्रकाराच्या नावाएवढ्याच अक्षरांत असावं. सभागृहाच्या आत कुणाचाही फ्लेक्स नको, अगदी शुभेच्छुकांचाही नको. आणि कुठल्याही चित्राला हार नको.

बसणाऱ्यांना मानधन द्या. जो माणूस दोन दिवस रोज सोडून बसणार आहे त्याची मजुरी बुडता कामा नये. बसणारे निवडताना गावागावांतून, सगळ्या वस्त्यांतून, सगळ्या समाजांतून निवडा. बायका निम्म्या असू द्या. सोयाबीन काढणाऱ्या, आशाताई, हमाल, गिरणीवाले, न्हावी, कुंभार, कंडक्टर, घरात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या. अशा म्हातारीकडे चित्रकारानं इझल घेऊन जावं. चित्र लावायचं की नाही हे शेवटी बसणाऱ्यानं ठरवावं. नको म्हणाला तर लावू नये. आणि प्रदर्शन संपल्यावर प्रत्येकाला त्याच्या चित्राची चांगली छापील प्रत घरी न्यायला मिळावी.

पाण्याचा, रस्त्याचा, गटारीचा प्रश्न असताना हे कशाला, असं सभागृहात कुणीतरी विचारणार. विचारावं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या जिल्ह्याचे आपण रहिवासी आहोत. पाणी आधी हे मला पूर्ण मान्य आहे. मी सांगितलेलं सगळं मिळून एखाद्या कमानीच्या खर्चात बसेल, आणि कमानी आपण पुष्कळ उभारल्या आहेत. लोक येणार नाहीत ही शंकाही कुणी काढेल. शेताच्या बांधावरून अर्धाच दिसणारा चेहरा बघायला याच गावातली माणसं उन्हात गेली होती. स्वतःच्या शेजारणीचा चेहरा सावलीत, समोर, पुरता बघायला मिळणार असेल तर ती येणार नाहीत असं मला वाटत नाही.

चित्रकारांशी बोलण्याची, शाळांमधून मदतनीस मुलं उभी करण्याची आणि चित्रं लावण्या-उतरवण्याची जबाबदारी आम्ही तालुक्यातले काही चित्रकला शिक्षक घ्यायला तयार आहोत. एकही रुपया न घेता. आपल्याकडून हवा आहे तो सर्वसाधारण सभेतला ठराव, सभागृह आणि मानधनाची तरतूद. पहिलं प्रदर्शन शिवजयंतीच्या आठवड्यात घ्यावं असं सुचवतो. त्यासाठी बैठका सोयाबीनच्या राशी उरकल्यावर, दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हव्यात. तैलरंग वाळायला वेळ घेतो, जाड थर तर महिनाभरही ओला राहतो. म्हणून ठराव दिवाळीच्या आधीच्या सभेत व्हावा, ही विनंती. सभेला बोलावलंत तर मावशींचं ते चित्र मी सोबत आणीन. ते आणायला त्यांनी परवानगी दिली आहे.



आपला,
निलंगा तालुक्यातील एक चित्रकला शिक्षक